पूरपट्ट्यातले घर आणि सरकारी मदत : कागद उन्हाळ्यातच करावेत
ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही नेहमी लिहितो ते बेणे, खत, खोडव्यातील पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी. घरादाराविषयी लिहिणे हे शेती खात्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गट ऑफिसात जे सभासद आले, त्यांनी उसाइतकेच घराचेही प्रश्न विचारले. "साहेब, मागची भिंत गेली, अर्ज कुणाकडं द्यायचा?" "पंचनाम्यात माझं नाव नाही, थोरल्याचं आलंय, आता काय?" ऊस चार दिवस बुडाला तर शेंडा कुजतो, कांडीवरचे डोळे फुटतात, टनेज घटते, तरी पुढच्या साली पुन्हा लागण करता येते. घर गेले म्हणजे कुटुंब कितीतरी वर्षे मागे जाते. म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी हा विषय मांडत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. पूर येण्याअगोदर आपले घर उंच करण्यासाठी किंवा भिंती पक्क्या करण्यासाठी प्रत्येक घरमालकाला अनुदान मिळते, असे अनेकांना वाटते. काही परदेशांत तशी योजना आहेही. आपल्याकडे मात्र मदतीची मुख्य वाट पुरानंतरची आहे. पूर येतो, पंचनामा होतो आणि त्या पंचनाम्यावर मदत ठरते. अगोदर मिळणारा पैसा दोनच वाटांनी येतो : घरकुल योजनेतून, तेही पात्र असल्यास, आणि गावाच्या सामाईक कामासाठी, ग्रामपंचायतीमार्फत. या दोन्हींविषयी पुढे लिहिले आहे. पण मुळात ही रीत ध्यानात घेतली पाहिजे. मदत पुरानंतरची असली तरी ती ज्या कागदांवर मिळते ते पुराअगोदरचे असावे लागतात. उसाचेच उदाहरण घ्या. लागणीची नोंद वेळेत दिली नाही, तर ऊस कितीही चांगला असो, तोड वेळेवर येत नाही. घराचेही तसेच आहे.

आकडे काय आहेत

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून किती मदत द्यायची, याचे निकष केंद्र शासन ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या किंवा तीव्र नुकसान झालेल्या घराला, मग ते कच्चे असो वा पक्के, सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये. त्याअगोदरच्या, २०१५ ते २०२० च्या निकषांत सपाट भागासाठी हाच आकडा ९५,१०० होता. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. त्यातही पडझड निदान १५ टक्के असली पाहिजे. झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये प्रत्येक कुटुंबाला. दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० आणि बैलास ३२,००० रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तेव्हा राज्य शासनाने जाहीर केलेल्या मदतीतही घरांचे आकडे हेच होते.

राज्य शासन कधी कधी आपल्या तिजोरीतून यात भर घालते. २०२१ च्या महापुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडलेल्याला ५० हजार, पाव पडलेल्याला २५ हजार आणि १५ टक्के पडझडीला १५ हजार रुपये असे वाढीव दर दिले गेले. दोन दिवस पाण्यात राहण्याची अटही काही वेळा शिथिल होते. म्हणून हे आकडे कायमचे समजू नयेत. ज्या सालचा पूर असेल त्या सालचा शासन निर्णय पाहावा.

आता या आकड्यांकडे नीट बघा. पूर्ण पडलेले घर १,२०,००० आणि अंशतः पडलेले पक्के घर ६,५००. यांच्यामध्ये काही नाही. विटा, सिमेंट, सळई आणि गवंड्याची हजेरी यांचे भाव आपणांस आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. १,२०,००० मध्ये घर होत नाही, आणि ६,५०० मध्ये एका भिंतीचा गिलावाही पुरा होत नाही. पण कुटुंबाला यातले काय मिळणार, हे पंचनाम्यातल्या एका शब्दावर ठरते : 'अंशतः' की 'पूर्णतः'. २०२१ सारखे दर लागले तर तो एका टक्केवारीवर ठरतो. पंचनामा करणारा माणूस एका दिवसात अनेक घरे पाहतो. त्याच्यावर रोष धरण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे आपले घर नीट मांडणे हे आपल्या हातात आहे.

पंचनाम्याच्या दिवशी

पंचनाम्याला तलाठी (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) येतात. घराच्या पडझडीचा अंदाज काढण्यासाठी बऱ्याच ठिकाणी बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा अभियंता सोबत असतो. दोन पंच गावातले असतात. त्या दिवशी घरातले जबाबदार माणूस घरी पाहिजे. सगळी कर्ती माणसे चाऱ्याच्या शोधात किंवा पाहुण्याकडे ठेवलेल्या जनावरांपाशी, आणि घरी फक्त म्हातारी, असे पुष्कळ ठिकाणी होते. म्हातारीला विचारले तर ती म्हणते, "आमचं काय, सगळ्यांचंच गेलंय." तेवढ्यावर पंचनामा होऊन जातो.

पाणी उतरले की आपण लगेच खराटा घेऊन गाळ काढायला लागतो. घाण आणि साप-विंचवाची भीती असते, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण राडारोडा हलवण्याअगोदर मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. चारही बाजूंनी घर, पडलेली भिंत, वाकलेली तुळई, फुटलेली कौले आणि भिंतीवर पाण्याने सोडलेली रेघ, हे सगळे त्यात यावे. त्या रेघेवर खिळा ठोकावा किंवा रंगाची खूण करावी. पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता उंबऱ्याला लागले आणि कधी ओसरले, हे कॅलेंडरवरच लिहून ठेवावे. दोन दिवसांच्या अटीचा प्रश्न आला, तर ही तारीखच उपयोगी पडते.

यापुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपल्याकडची जुनी घरे मातीत बांधलेली आहेत. दगड असले तरी दर्जेत चिखल, विटा असल्या तरी कित्येक ठिकाणी कच्च्या. अशी भिंत पाण्यात असताना बहुधा पडत नाही, कारण पाण्याचा दाब आतून-बाहेरून सारखाच असतो. पाणी ओसरले की ती भिजून जड झालेली भिंत आपल्याच वजनाने खचू लागते. त्यातच काळ्या रानात पाया असेल, तर भिजताना फुगलेली जमीन सुकताना आक्रसते आणि पाया हलतो. चार दिवसांनी भेग दिसते, पंधरा दिवसांनी कोपरा सुटतो आणि पुढच्या वळवाच्या सरीत भिंत बसते. पंचनामा मात्र पाणी ओसरल्यावर लगेच झालेला असतो. त्यात 'घर उभे आहे, अंशतः नुकसान' असे लिहिलेले असते. अशा वेळी गप्प बसू नये. ज्या दिवशी भिंत पडली त्याच दिवशी फोटो काढून, तहसीलदारांच्या नावे दुसरा अर्ज द्यावा आणि फेरपाहणी मागावी. अर्जात पूर्वीच्या पंचनाम्याची तारीख लिहावी आणि भिंत पुराच्या पाण्याने भिजल्यामुळे पडली हे स्पष्ट लिहावे. भिंत पडली नसेल, पण आरपार भेग गेली असेल, पाखा एकीकडे कलला असेल, तर हे घर राहण्यास धोक्याचे आहे असा शेरा अभियंत्याकडून मागावा. निकषात 'पूर्ण पडलेले' याच्याच ओळीत 'तीव्र नुकसान झालेले' हे शब्दही आहेत, हे विसरू नये.

अशा घरात राहू मात्र नये. मदत मिळेपर्यंत भिंत टेकू लावून धरायची आणि त्याखालीच झोपायचे, हे धाडस कुणी करू नये.

पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगावे. नाव, घर क्रमांक, नुकसानीचा प्रकार आणि टक्केवारी या चार गोष्टी बघितल्या तरी पुरे. कोऱ्या कागदावर सही करू नये, 'नंतर भरतो' म्हटले तरी करू नये. जमल्यास पंचनाम्याचाही फोटो घ्यावा.

ज्याच्या नावावर घर, त्याला मदत

केंद्राच्या निकषांत एक वाक्य आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. नुकसान झालेले घर अधिकृत बांधकाम असावे आणि सक्षम अधिकाऱ्याने तसे प्रमाणित केलेले असावे, असे ते वाक्य आहे. म्हणजे घर पडले एवढे पुरत नाही, ते सरकारदप्तरी असावे लागते.

गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. घरपट्टीची पावती त्याच नोंदीवर निघते. हा उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरी पुरानंतर पहिल्यांदा तोच मागतात. आता घरातली ट्रंक उघडून आपला उतारा बघा. कित्येक घरांत त्यावर आजोबांचे किंवा वडिलांचे नाव निघेल. ते वारून वर्षे झाली, घरपट्टी आपण भरतो, पावतीवर मात्र नाव त्यांचे. पंचनाम्यात तेच नाव येते, आणि रक्कम खात्यावर जमा करायची वेळ आली की खाते कुणाचे, हा प्रश्न उभा राहतो. मग वारसांची संमतिपत्रे, प्रतिज्ञापत्रे, एक भाऊ पुण्याला, बहीण नांदायला कर्नाटकात. पुराच्या गडबडीत हे होत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून ग्रामपंचायतीकडे नाव बदलण्याचा अर्ज आजच द्यावा. मासिक सभेत तो मंजूर व्हावा लागतो, म्हणजे महिना-दोन महिने धरावेत. पावसाळा लागल्यावर जाग येऊन उपयोग नाही. नाव लावताना पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. ती लावावीत, असे आमचे सांगणे आहे. घरधनी गेल्यावर बाईला कचेरीचे खेटे घालावे लागू नयेत.

दुसरी अडचण वाटण्यांची. एकाच घरात तीन भाऊ, तीन चुली, तीन रेशनकार्डे, पण उतारा एक. पूर आला की घर एक धरायचे की तीन, यावर वाद होतो. तिघांचे व्यवहार खरोखरच वेगळे असतील, तर प्रत्येकाच्या खोल्यांची वेगळी नोंद नमुना ८ ला करून घ्यावी आणि घरपट्टीही वेगळी भरावी. केवळ मदतीसाठी पूर आल्यावर घाईने रेशनकार्ड वेगळे करायला जाऊ नये. ते चटकन ध्यानात येते आणि खरे असेल तेही खोटे ठरते.

तिसरी अडचण रानातल्या वस्तीची, आणि ही खास आपल्या ऊसपट्ट्यातली आहे. विहिरीला पाणी लागले, ऊस आला, जनावरे वाढली, तसे लोक गावातून मळ्यात राहायला गेले. पत्र्याचे दोन खण वाढत वाढत स्लॅबचे घर झाले, पण नोंद कुठेच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४१ मध्ये शेतकऱ्याने आपल्या शेतात शेतघर बांधण्याची तरतूद आहे. तिच्या अटी आहेत, क्षेत्राची आणि बांधकामाच्या मापाची मर्यादा आहे. आपल्या वस्तीचे घर त्यात बसते का, हे तलाठी कार्यालयात विचारून घ्यावे, आणि ग्रामपंचायतीत त्याची करआकारणी झाली नसेल तर ती मागून घ्यावी. घरपट्टी लागेल म्हणून नोंद टाळणारे लोक आम्हांला माहीत आहेत. घरपट्टी वाचते ती शेकड्यांत, आणि नोंद नसल्यामुळे मदत बुडते ती लाखात.

गावठाणातल्या जागांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना केंद्राने एप्रिल २०२० मध्ये सुरू केली. आपल्या गावात मोजणी झाली असेल, तर सनद आणि मालमत्ता पत्रक घेऊन ठेवावे. नमुना ८ पेक्षा हा कागद बळकट आहे. त्यावरील क्षेत्र आणि शेजाऱ्याची हद्द बरोबर आहे का, तेही बघावे.

बँक खात्याचे थोडक्यात सांगतो. मदत थेट खात्यावर येते, त्यामुळे आधार जोडलेले आणि चालू खाते पाहिजे. आधारवरील नाव, खात्यावरील नाव आणि उताऱ्यावरील नाव जुळले पाहिजे. 'बापू' आणि 'बापूसो' एवढ्या फरकानेही रक्कम अडकते. मदतीच्या रकमेतून बँकेने कर्जाची वसुली करू नये, अशी सूचना शासन निर्णयात असते. सोसायटीची बाकी आहे म्हणून कुणी रक्कम वळती करून घेऊ लागले, तर त्या सूचनेचा आधार घेऊन तहसीलदारांकडे लेखी तक्रार करता येते.

घरकुल कुणाला मिळते

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये. राज्य शासनाने २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांना ५० हजारांची भर जाहीर केली. पण आपल्या सभासदांनी पात्रता अगोदर पाहावी. २०२४ मध्ये सुधारलेल्या निकषांप्रमाणे ज्यांच्याकडे अडीच एकर किंवा जास्त बागायत आहे, ज्यांच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त आहे, ज्यांच्या दारात चारचाकी किंवा ट्रॅक्टर आहे, ते या योजनेत बसत नाहीत. उसाला पीककर्ज एकरी किती मिळते ते आपण जाणताच. म्हणजे सव्वा एकरवालासुद्धा कर्जाच्या मर्यादेमुळे बाहेर जाऊ शकतो. तेव्हा 'सरपंचाने माझे नाव मुद्दाम वगळले' असे म्हणण्याआधी आपण कोणत्या अटीत अडकलो, हे विचारून घ्यावे. दहा-वीस गुंठ्यांचे सभासद आणि आपल्याकडची भूमिहीन मजूर कुटुंबे मात्र खरी पात्र आहेत, त्यांना ही माहिती सांगावी. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून मदत मिळते. आणि नवी जागा घ्यायचीच असेल, तर ती पुराच्या रेषेबाहेरची घ्यावी, हे काही आम्ही सांगायला नको.

निळी रेषा, लाल रेषा

पाटबंधारे खात्याने नदीकाठी आखलेल्या या दोन रेषा. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात बांधायचे, तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर म्हणजे दीड फूट उंच असावी, असा बांधकाम नियमावलीचा दंडक आहे.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी फसू नये. त्याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच आहे. एकदा आला म्हणजे शंभर वर्षे सुट्टी, असा नव्हे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. लोक म्हणाले, असा पूर आता आपल्या हयातीत नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये ते ५६ फूट ३ इंचांवर गेले. सांगलीत आयर्विन पुलाखाली मात्र २०१९ चेच पाणी जास्त होते, सुमारे साडेसत्तावन्न फूट; तिथली धोका पातळी ४५ आहे. दोन्ही नद्यांचे गणित वेगळे, पाऊस वेगळा. म्हणून घर बांधताना दुसऱ्या गावचा आकडा धरू नये. आपल्या भिंतीवरच्या दोन्ही सालांच्या रेघा बघाव्यात आणि जी उंच असेल ती धरावी.

रेघ जोत्यावर दोन-तीन फूट असेल, तर जोते उंच करणे परवडते. जोत्याचे काम सिमेंटमध्ये करावे. भिंती मातीच्या ठेवायच्या असल्या, तरी खालचे चार फूट पक्के करावेत आणि वर चारी भिंतींना बांधणारी काँक्रीटची पट्टी घालावी. विजेचे मीटर आणि बोर्ड रेघेच्या वर न्यावेत. रेघ छातीच्या वर असेल, तर जोते उंच करून भागत नाही. तिथे खांबांवर घर, खाली ट्रॉली आणि जनावरे, वर माणसे, हीच रीत बरी. ती महाग आहे, आणि सरकारी मदतीत ती होत नाही, हेही खरे. निदान एका खोलीवर पक्का माळा आणि वर जायला जिना एवढे तरी करावे. तिथे धान्य आणि कागद ठेवता येतात. माणसांनी मात्र माळ्याच्या भरवशावर घरात थांबू नये, इशारा मिळताच निघावे. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला जी होडी उलटली, तिच्यात पाणी चढल्यावर गावातून बाहेर पडणारी माणसे होती.

जागा बदलण्याविषयी आमचे मत विचाराल तर ते सरळ नाही. १९८९ च्या पुरानंतर करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला भूखंड मिळाले. तरी २०१९ मध्ये याच गावांतून माणसांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. लोक हट्टी आहेत म्हणून ते वर गेले नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. पण रान खाली, जनावरे खाली, वैरणीची गंज खाली, आणि घर तेवढे वर, हे शेतकऱ्याला जमत नाही. भूखंड देताना गोठ्याची आणि गंजीची जागा धरली, तर लोक जातील असे आम्हांला वाटते. ज्यांना भूखंड मिळाला आहे, त्यांनी तो निदान आपल्या नावावर आहे की नाही ते तपासावे. वाडवडिलांच्या नावे पडून राहिलेला भूखंड पुढे भांडणाचा विषय होतो.

गावाने मिळून मागायचे ते

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के मदतीसाठी आणि २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी. हा दुसरा निधी एकट्या घरमालकाला मिळत नाही. नाल्याचे तोंड मोकळे करणे, संरक्षक भिंत, पुरात कामी येणारी निवाऱ्याची जागा, अशी सामाईक कामे त्यात मागता येतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावा लागतो. ठरावात 'पूर संरक्षण करावे' असे मोघम लिहू नये. कोणता ओढा, कोणत्या गटातून, किती घरांना पाणी लागते, २०१९ आणि २०२१ मध्ये कुठवर आले, हे लिहावे. ग्रामसभेला आपण ऊसदरासाठी जमतो तितकी माणसे जमवली, तर ठराव वजनदार होतो.

विम्याविषयी एवढेच सांगतो. 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देतात आणि तिच्यात पुराचा धोका धरलेला आहे. ज्यांचे घर पक्के आहे आणि घरकुलात जे बसत नाहीत, त्यांनी तिची चौकशी जरूर करावी. नदीला पाणी आल्यावर पॉलिसी काढायला जाऊ नये.

अर्जाचा नमुना

मदतीसाठी ठराविक छापील अर्ज नसला, तरी नुकसानीची लेखी खबर आपण स्वतः द्यावी. पंचनाम्यातून नाव सुटले तर हाच कागद कामी येतो. मजकूर असा असावा :

मा. तहसीलदार साहेब, तालुका ........ यांचे सेवेशी,
विषय : पुरामुळे राहत्या घराचे झालेल्या नुकसानीबाबत.
अर्जदार : ........, रा. ......... घर/मिळकत क्रमांक ........ (नमुना ८ प्रमाणे). कुटुंबातील माणसे : .........
महोदय, दि. ........ रोजी ........ वाजता नदीचे पुराचे पाणी माझ्या वरील राहत्या घरात शिरले व दि. ........ रोजी ओसरले. पाण्याची उंची जोत्यापासून ........ फूट होती. त्यामुळे घराच्या ........ बाजूच्या भिंती पडल्या/भेगाळल्या असून घर राहण्यास योग्य राहिलेले नाही. कपडे, भांडी व धान्य यांचे नुकसान झाले आहे. जनावरे दगावली : ......... तरी पंचनामा/फेरपाहणी होऊन नियमाप्रमाणे मदत मिळावी, ही विनंती.
सोबत : नमुना ८ चा उतारा, आधार कार्ड, रेशनकार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो.

जनावर दगावले असेल, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक जोडावा. जनावर पुरण्याअगोदर डॉक्टरांना दाखवावे, नंतर दाखला मिळत नाही.

ही सगळी कागदपत्रे दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एक प्रत घरी आणि एक उंचावरच्या पाहुण्याकडे, अशी ठेवावीत. वरील नमुन्याच्या छापील प्रती गट ऑफिसात ठेवत आहोत. चिटबॉयकडेही मागता येतील. अर्ज दोन प्रतींत लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.